१८ जूनला समाधीवर हार नकोत, पाणी आणि सावली हवी आहे

नमस्कार मंडळी, लश्कर, मुरार, ग्वाल्हेर तिन्हीकडच्या मराठी घरांसाठी हा मेसेज आहे, प्लीज पूर्ण वाचा. १८ जून, झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची पुण्यतिथी, जवळ आली. फूलबागेत राणीसाहेबांच्या समाधीवर त्या दिवशी नेते, बँड, हारांचे ढीग सगळं असतंच, त्यात आपण भर घालायची गरज नाही. पण महाराष्ट्रातून, झाशीकडून जी माणसं पदरमोड करून दर्शनाला येतात त्यांचे हाल बघवत नाहीत हो. पारा ४५च्या आसपास, चपला बाहेर काढायच्या आणि दगड असा तापलेला की म्हाताऱ्या बायका टाचा उचलून अक्षरशः पळत सुटतात, डोकं टेकवायचं राहूनच जातं.

तर आपल्या मंडळातर्फे कनात, माठ, बर्फाच्या लाद्या, ओआरएस आणि पायाखाली अंथरायला ओलं तरट एवढंच करायचंय. १०० रुपये दिलेत तरी चालतील, पावती मात्र मागून घ्या. ज्यांच्याकडे जादा माठ किंवा सतरंज्या पडून आहेत त्यांनी त्याच द्या.

दुसरी मदत पैशाची नाही. लोक घोड्यावरच्या पुतळ्याबरोबर सेल्फी काढतात आणि किल्ल्याकडे निघतात, त्यांना कोणी काही सांगतच नाही. १ जून १८५८ ला राणीसाहेब, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशव्यांनी ग्वाल्हेर घेतलं, इंग्रजांच्या बाजूचे ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले (इथे आपल्यातल्या काहींना खोकला येतो, पण हे गाळायचं नाही), मग ग्वाल्हेरजवळच्या कोटा की सरायची लढाई, आणि जखमी राणीसाहेबांना बाबा गंगादासांच्या मठात आणलं, देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून घाईघाईत अग्नी दिला. त्या वेळी ७४५ साधू लढता लढता पडले असं मठात सांगतात. हा मठ समाधीपासून पायी जाण्यासारखा आहे, जुनी शस्त्रं जपून ठेवलीत तिथे, तरी बाहेरचा माणूस तिकडे फिरकत नाही. तर कॉलेजातल्या पोरापोरींनी दोन-दोन तास येऊन लोकांना तिथवर न्यावं, मराठीत नीट सांगावं. कोणी म्हणेल पुण्यतिथीची तारीख १७ जून आहे, काही ठिकाणी तशीच लिहिलीये, उन्हात उभं राहून त्यावर वाद घालत बसू नका.

नावं आणि वर्गणी मंडळाच्या खजिनदारांकडे १० तारखेपर्यंत द्या, कनातवाल्याला बयाणा द्यायचाय. आणि माठ देणाऱ्यांनी त्यावर आडनाव लिहा, नंतर कुणाचा कुठला ते कळत नाही.