'म'च्या खणातली पट्टी

ती. काका, सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून तुमच्या ग्रंथालयातल्या मदतीबद्दल हे जाहीरच लिहिते.

आमच्या तालमीच्या स्मरणिकेत मल्लखांबावर लेख द्यायचा होता. जुम्मादादा-माणिकरावांसारख्या व्यायामगुरूंच्या बडोद्यात त्यासाठी वणवण करावी लागेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण आधी ज्या ग्रंथालयात गेले, तिथल्या गृहस्थांनी मान वर न करताच विचारलं, "पुस्तकाचं नाव? लेखक कोण?" अहो, तेच माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला उभी राहिले असते! कॉम्प्युटरवर एक शब्द टाकला, "नाहीये" म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली थेट अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना आणून ग्रंथालयांचा एवढा खटाटोप केला, तो काय यासाठी?

तुम्ही फक्त "विषय?" एवढंच विचारलंत आणि पुस्तकांच्या नोंदींची कार्डं अक्षरवार लावलेल्या कपाटातला 'म'चा खण उचलून टेबलावर ठेवलात. "खालची सळई ओढू नका हं, नाहीतर कार्डं पत्त्यांसारखी पसरतील." मलेरिया गेला, मल्लखांब आला, त्याला खेटूनच मल्लविद्या. मल्लखांबाची कार्डं मोजकीच, म्हणून माझं तोंड उतरलं. तेव्हा तुम्ही 'व्यायाम' काढून दाखवलंत. तिथे 'हेही पाहा' म्हणून आखाडे, कुस्ती, मल्लखांब, लेझीम अशी रांगच. कटर नावाच्या ग्रंथपालाने १८७६ सालीच नियम घालून दिलाय म्हणे: विषय त्याच्या स्वतःच्या नावाखाली मांडायचा, मोठ्या विषयाच्या पोटात कोंबायचा नाही, मोठ्याने फक्त धाकट्याकडे बोट दाखवायचं. असं एकातून दुसऱ्यात जात जात मी 'द'मध्ये पोचले, तर तिथे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले मल्लखांबाचे गुरू बाळंभटदादा देवधर! त्यांचं नाव घेऊन मी कुठल्या खिडकीवर विचारणार होते? मला तेव्हा ते ठाऊकच नव्हते.

पण काका, हे सगळं एकीकडे. बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मी पुन्हा 'म'मध्येच गुंतले होते. तुम्ही घड्याळाकडे बोट दाखवलं नाहीत. जुन्या पाकिटाची एक पट्टी फाडलीत, तिच्यावर माझं आडनाव लिहिलंत आणि मी थांबले होते त्या कार्डामागे उभी खोचलीत. दुसऱ्या दिवशी तुमची सुट्टी होती. टेबलावर नवीन मुलगा होता. खण ओढला, तर पट्टी जागच्या जागी. त्या मुलाला तुम्ही सांगूनही गेला होतात, "बाई येतील, त्यांना बसू द्या."

पगार सगळ्यांनाच मिळतो हो. पण समोरच्याचं काम अर्धं राहिलंय याची काळजी घरी जाताना कोण करतं? तशी माणसं अजून आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

लेख छापून आलाय. स्मरणिकेची एक प्रत तुमच्यासाठी ठेवली आहे. आता काकूंसाठी लोणच्यांवर काही मिळतंय का ते बघायचंय, तेव्हा 'ल'चा खण मोकळा ठेवा.

आपली,
दांडिया बाजारातली एक वाचक