दंडारीच्या फाइली जपून ठेवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

धान निघाल्यावर, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यात रात्रभर दंडार हे लोकनाट्य रंगते आणि आमचे मंडळ ती चित्रित करून ठेवते. त्यातले काही जुने कलावंत आता हयात नाहीत, आणि त्यांचा आवाज त्या एका हार्ड डिस्कशिवाय कुठेही उरलेला नाही. त्यामुळे आपण केलेल्या मदतीला संगणकाची दुरुस्ती म्हणणे मला अपुरे वाटते.

आपल्याआधी आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्यांच्याविषयीही लिहिलेच पाहिजे. पहिल्या दुकानदाराने टीव्हीवर चालेल एवढ्याच कारणावरून डिस्क फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत, फॉरमॅट केली, आणि रात्रभराची चित्रफीत तीवर जाईना तेव्हा डिस्कच खराब झाल्याचे सांगून नवी घ्यायला लावली. १९९६ साली आलेल्या या फाइल सिस्टिममध्ये फाइलचा आकार नोंदवायलाच इतकी कमी जागा आहे की ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तीत बसत नाही, मग डिस्क कितीही रिकामी असो. हे दुकान चालवणाऱ्याला ठाऊक नसेल, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. दुसऱ्याने नवी डिस्क एक्सफॅट या वेगळ्या फाइल सिस्टिममध्ये करून दिली. मोठ्या फाइली बसल्या, पण मृगाआधीच्या वादळात फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली आणि एक अख्खे फोल्डर उघडेनासे झाले. त्यावर त्याचे उत्तर एवढेच, की पुन्हा फॉरमॅट करू. आमच्याकडे वीज कशी जाते हे तो जाणत होता, कारण तोही इथलाच.

आपण मात्र आधी विचारलेत: वीज किती वेळा जाते, फाइली केवढ्या आहेत, डिस्क याच विंडोज संगणकात राहणार की गावोगाव फिरणार. त्यावरून संगणकातल्या डिस्कसाठी एनटीएफएस ही तिसरी फाइल सिस्टिम आणि इतरांना द्यायच्या डिस्कसाठी एक्सफॅट असे आपण ठरवलेत. एनटीएफएस फाइलींच्या मांडणीतला बदल करण्याआधी त्याची नोंद करून ठेवते, हे समजावताना आपण सेवा सोसायटीच्या कीर्द-खतावणीचा दाखला दिलात आणि ते आमच्या सचिवांना लगेच पटले. ही नोंद मांडणी सावरते, पण अर्धवट लिहिलेली चित्रफीत पूर्ण करून देत नाही, म्हणून वेगळ्या घरात दुसरी प्रत हवीच, हेही आपण स्पष्ट सांगितलेत. बिघडलेल्या फोल्डरातले बहुतेक सारे आपण परत मिळवलेत. ते कसे, हे मला नीट सांगता येणार नाही.

परंतु माझ्या मनात घर करून राहिली आहे ती वेगळीच गोष्ट. नवी प्रत तयार झाल्यावर आपण जुन्या डिस्कवरचे काहीच पुसले नाही. आधी त्या प्रतीतली एक दंडार उघडून सुरुवातीची, मधली आणि शेवटची काही मिनिटे मन लावून ऐकलीत आणि मग विचारलेत, "हे गाणारे आजोबा कोण?" त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता. त्याने नाव सांगताच आपण ते देवनागरीत टंकून त्या फाइलला दिलेत. तोवर त्या फाइलला कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक तेवढा होता. त्या मुलाचे डोळे भरून आले, आणि माझेही.

आमच्या भागात शिकलेल्या माणसांची वाण नाही. पण खेड्यातून आलेल्या माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारी, त्याला न घाबरवता कारण सांगणारी आणि त्याच्या ठेव्याला आपला ठेवा मानणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत.

आपण मोबदला घेतला नाहीत, तेव्हा मंडळाच्या वतीने दोन विनंत्या करतो. चित्रफितींची एक संपूर्ण प्रत आपल्या घरी ठेवून घ्यावी, आणि यंदाच्या मंडईला सहकुटुंब यावे. उरलेल्या फाइलींना नावे देण्याचे काम आम्ही सुरू केले आहे. ज्यांची ओळख पटत नाही असे दोन-तीन आवाज ऐकायला त्या दिवशी शेजारच्या गावांतील जुन्या मंडळींनाही बोलावले आहे.

आपला कृतज्ञ,
दंडार मंडळाचा एक सदस्य