मगी सर, त्या कोपरासाठी थँक्यू

हर्ब मगी सर, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, आणि मराठी तर तुम्हाला येतच नाही, तरी मराठीतच लिहितोय कारण मनापासून काही बोलायचं झालं की मला दुसरी भाषा जमत नाही. आणि तुम्ही कोण, अमेरिकेतल्या एका कॉलेजचे इतकी वर्षं बास्केटबॉल कोच, ते आमच्या इकडच्या लोकांनाही कळावं असं फार वाटतं.

मी इचलकरंजीचा. घरचे चार माग, झोपेत पण खटखट ऐकू यायची. २००८ च्या ऑगस्टमधे टेक्स्टाइलचं एमएस करायला फिलाडेल्फिया युनिव्हर्सिटीत आलो. लोक विचारायचे अमेरिकेत कापड शिकायला कोण जातं, पण हे कॉलेज १८८४ मधे सुरूच झालं गिरण्यांना शिकलेली माणसं मिळावीत म्हणून, आणि तुम्ही खेळायचात तेव्हा तर सगळे त्याला फिलाडेल्फिया टेक्स्टाइलच म्हणायचे.

शाळेत मीही बास्केटबॉल खेळायचो. आठवीत सिलेक्शनला गेलो तर तिथल्या सरांनी उंची बघून लाइनीतनं बाजूला काढलं, बॉल हातात पण दिला नाही, त्यानंतर मी ग्राउंडवर गेलोच नाही.

तिकडचा पहिला हिवाळा लई जड गेला. पाच वाजायच्या आत अंधार, रूमवर कोणी बोलायला नाही, म्हणून कॉलेजच्या खेळाच्या हॉलमधे, गॅलघर सेंटरमधे, जाऊन वर गॅलरीत बसायचो, निदान ऊब तरी मिळायची. एकदा खाली तुम्ही एका पोराला शूटिंग शिकवत होतात. पोरगा चांगला साडेसहा फूट, आणि तुम्ही त्याला बास्केटच्या अगदी जवळ, चार-पाच फुटांवर उभं केलेलं. एका हाताने टाकायचं, बस्स. त्याचं कोपर बाहेर जायचं, तुम्ही दोन बोटांनी धरून आत आणायचात, बॉलच्या बरोबर खाली. परत टाक. परत बाहेर गेलं, परत आत. बॉल सुटल्यावर मनगट तसंच खाली वाकलेलं ठेवायचं, हात लगेच पाडायचा नाही. अर्धा तास एवढंच! ओरडणं नाही काही नाही. मग तुम्ही स्वतः बॉल घेतलात, वय तेव्हा ६७, आणि एकामागून एक टाकत गेलात, रिंगला न लागता नुसता जाळीचा आवाज. मी थंडी, घर सगळं विसरून बघत बसलो.

रूमवर आल्यावर तुमच्याबद्दल वाचत सुटलो. लहानपणीच आईवडील गेलेले. १९५९ ला याच कॉलेजात खेळायला आलात, लांबून टाकलं की तीन पॉइंट देणारी थ्री-पॉइंटची लाइनच नव्हती त्या काळात २२३५ पॉइंट केलेत, १९६३ ला बोस्टन सेल्टिक्स टीमने ड्राफ्टमधे निवडलं पण एनबीएत, म्हणजे तिकडच्या मोठ्या व्यावसायिक लीगमधे, काही खेळला नाहीत, कॉलेजातच कोच झालात. १९६७ ला हेड कोच आणि १९७० ला, म्हणजे तिसऱ्याच सीझनला, छोट्या कॉलेजांच्या डिव्हिजनचे नॅशनल चॅम्पियन. लोक तुम्हाला शॉट डॉक्टर म्हणतात, चार्ल्स बार्कलीसारखा एनबीएचा माणूस पण तुमच्याकडे शूटिंगसाठी येऊन गेलाय. आणि तोच डॉक्टर आमच्या कॉलेजच्या, ज्याचं नाव फिलाडेल्फियाबाहेर फारसं कोणी घेत नाही, त्या पोराचं कोपर धरून उभा होता. डिव्हिजन टू, म्हणजे कॉलेजांच्या खेळातला दुसरा दर्जा, तिथं टीव्ही नाही, मोठी स्टेडियमं नाहीत, मॅचला ओळखीचेच चेहरे.

१ फेब्रुवारी २०१० ला तुम्ही कोच म्हणून ९०३ वी मॅच जिंकून बॉब नाइट या नावाजलेल्या कोचच्या पुढे गेलात तेव्हा मी लॅबमधे सॅम्पल घेऊन बसलेलो, याची हळहळ अजून आहे. २०११ ला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममधे गेलात तेव्हा मी इकडे परत आलो होतो, घरात पेढे वाटले, आईने विचारलं कोण पास झालं. २०२२ ला थांबलात तेव्हा जिंकलेल्या मॅचचा आकडा ११४४ होता. ५५ वर्षं, एकच कॉलेज! या काळात कॉलेजचं नाव दोनदा बदललं, शेवटी तर थॉमस जेफरसन युनिव्हर्सिटीत विलीन पण झालं, तुम्ही तिथंच.

आता तुमचे आभार कशासाठी ते सांगतो. परत आल्यावर मला सारखं वाटायचं की पुण्या-मुंबईत मोठ्या कंपनीत नाही गेलो तर शिक्षण वाया. सगळे तेच म्हणायचे. तेव्हा मला तुमची ती दोन बोटं आठवायची. मग मी इथंच राहिलो, वडिलांचे माग सांभाळले, आणि जवळच्या शाळेत जुनी गंजलेली रिंग होती तिला नवीन जाळी लावून संध्याकाळी पोरांना शिकवायला लागलो. आज बावीस पोरं-पोरी येतात. उंची मी कुणालाच विचारत नाही, आल्या दिवशी बॉल हातात देतो.

मागच्या महिन्यात एक पोरगी आली, सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावतात तिथं, कामाला असणाऱ्या बाईंची, एवढीशी, बॉल दोन्ही हातांनी पोटापासून ढकलायची. तिला मी चार फुटांवर उभं केलं. सतरा-अठरा दिवस तिचं कोपर बाहेरच जात होतं सर, मी दोन बोटांनी आत आणत होतो. परवा एका हाताने टाकला, रिंगला लागला नाही, नुसती जाळी वाजली. तिने हात खाली घेतलाच नाही, मनगट वाकवून तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली.

थँक्यू सर. तब्येतीची काळजी घ्या.

तुमचा,
वर गॅलरीत बसणारा, इचलकरंजीचा एक विद्यार्थी