सुमे, यंदाचा पहिला चहा पाठवतेय

काकेगावा, जपान, 18 मे

प्रिय सुमा,

तुझ्या दिवाळीतल्या पत्राला आज उत्तर लिहितेय. रागावली असशील तर वाचून झाल्यावर भांड. आम्ही सगळे बरे. माझी पाठ ठीक, यांचं बीपी गोळीवर आहे.

शेजारचे आजी-आजोबा चहाचा मळा सोडतायत. यांना सांगितलं तर म्हणाले, "वय झालंय त्यांचं, सुटतील." खरंच आहे ते. पण रात्री मला झोप आली नाही, आणि हे सांगायला तुझ्याशिवाय कुणी सुचेना. पावसच्या तुमच्या आंब्याच्या कलमांच्या विक्रीचा व्यवहार झाला त्या रात्री तू पडवीत बसून होतीस, ते माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?

मळा म्हणजे दोन तान. इथला एक तान आपल्या जवळजवळ दहा गुंठ्यांचा. डोंगराच्या उतारावर ओळी आहेत आणि समोर आवागाताके. त्या डोंगरावर झाडं लावून 'चहा'चं जपानी अक्षर काढलंय, ते लांबूनही वाचता येतं. थंडीत आजोबा आजूबाजूचं उंच गवत कापून ओळींमधून पसरतात. ते कुजून जमीन भुसभुशीत होते, तण कमी येतं आणि पाण्याची ओल टिकते. या पद्धतीला 2013 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने जागतिक महत्त्वाचा शेती-वारसा म्हणून मान दिला. मान मिळाला, पण गवत कापायला माणूस मिळत नाही. आजोबांचा मुलगा नागोयाला असतो.

तू म्हणशील, ग्रीन टीसाठी एवढं काय! माझ्याही डोक्यात ग्रीन टी म्हणजे वजन उतरवायच्या त्या पिशव्या होत्या. उकळत्या पाण्यात बुडवायच्या आणि नाक दाबून प्यायच्या. इथे आल्यावर आजींनी पहिल्यांदा त्यांच्या घरचा चहा दिला. जेमतेम तीन घोट मावतील एवढी वाटी, आणि आत गढूळ हिरवं पाणी. चव मात्र सोललेल्या कोवळ्या मटारासारखी गोडसर, आणि घोट उतरला की घशाशी जराशी तुरट. मी लगेच दुसरी वाटी मागितली. मग आजींनी मला ओट्यापाशी उभं करून सगळं शिकवलं.

यांच्या सोबतचा एकजण देवरुखला निघालाय. त्याच्याबरोबर तुला यंदाचं पहिलं पीक पाठवतेय. इथे वसंताच्या आरंभापासून अठ्ठ्याऐंशीव्या दिवसाला, म्हणजे 2 मेच्या आसपासच्या खुडणीला फार मान. पुडी उघडलीस की "चुरा पाठवलाय" म्हणू नकोस. पान खुडल्यावर लगेच वाफवावं लागतं, नाहीतर ते काळं पडायला लागतं. चीनमध्ये बहुतेक कढईत भाजतात, इथे वाफ देतात. 1738 साली क्योतोकडच्या उजीजवळच्या नागातानी सोएन यांनी वाफवलेलं पान गरम पाटावर हाताने वळत सुकवायची रीत बसवली, आजचा सेंचा, म्हणजे इथला रोजचा पानांचा हिरवा चहा, त्यातूनच आला. आमच्या भागात ऊन भरपूर, पान जाड आणि कडक होतं, म्हणून इथले लोक दुपटीहून जास्त वेळ वाफ देतात. त्याने तुरटपणा उतरतो, पण पान मऊ होऊन मोडतं. याला फुकामुशी म्हणतात. साधा सेंचा घेशील तर तो सुईसारखा वळलेला, गर्द हिरवा आणि चकचकीत हवा. पिवळट, निस्तेज दिसला तर घेऊ नकोस, कितीही महाग असो.

आता नीट वाच, कारण तू दूध-आलं घालून उकळशील अशी मला धास्ती आहे. दोघांसाठी दोन चहाचे चमचे पान. पाणी उकळ, पण लगेच ओतू नकोस. आधी रिकाम्या कपात, मग दुसऱ्या कपात. दर वेळी पाणी साधारण दहा अंशांनी उतरतं. दोन-तीनदा ओतलं की सत्तरच्या जवळ येतं, थर्मामीटर नको. पानातला गोडवा थिआनिन नावाच्या घटकाचा, तो कोमट पाण्यातही उतरतो. तुरटपणा आणि कॅफिन मात्र पाणी गरम असेल तेवढं जास्त येतं. पिशव्यांचा सगळा कडूपणा उकळत्या पाण्याचा होता, सुमे! सत्तर अंशांचं पाणी पानावर घातलंस की अर्धा मिनिट गप्प बस (तुला कठीणच आहे), हलवू नकोस, ढवळू नकोस. मग दोन्ही कपांत आलटूनपालटून थोडंथोडं ओत, म्हणजे दोन्हीकडे सारखी चव येईल. शेवटचा थेंब निथळू दे. पाणी आत राहिलं की दुसरा चहा कडू होतो. दुसऱ्या खेपेला पाणी जरा गरम घ्यायचं आणि थांबायचं नाही. तिसरी खेपही होते.

इथे बाजूला दांडा असलेली मातीची किटली असते, तोकोनामे गावची चांगली समजतात. तुला तिची गरज नाही. झाकणाचं छोटं भांडं आणि बारीक जाळीची गाळणी पुरे. पाणी मात्र तुमच्या विहिरीचंच घे. डाळ पटकन शिजते ते मऊ पाणी या चहाला लागतं. पुण्याच्या हॉस्टेलवर मुलीला पाठवणार असशील तर तिथलं बोअरचं पाणी वापरू देऊ नकोस, पान फुकट जाईल.

उघडलेली पुडी घट्ट डब्यात ठेवून महिन्याभरात संपव. दुसरी फ्रीजमध्ये ठेव, पण तुझ्या बोंबलांपासून लांब, चहा वास ओढून घेतो! बाहेर काढल्यावर खोलीइतकी गरम होऊ दे, मग फोड, नाहीतर दमट होते. उरलेलं पान टाकू नकोस. आजी त्यावर सोया सॉस घालतात, मी ओलं खोबरं, मीठ आणि लिंबू पिळून कोशिंबीर करते. करून बघ आणि कळव.

मळ्याचं पूर्ण सांगते. वाडीतला चहाचा सामायिक कारखाना बंद होतोय. आठ-दहा घरं मिळून तिथे पान वाफवायची. आता पान खुडून न्यायचं कुठे? लोक बाटलीतला चहा पितात, त्याला स्वस्त पान चालतं. सपाट जमिनीवर मोठी यंत्रं फिरवणाऱ्या दक्षिणेकडच्या कागोशिमा प्रांताने 2024 च्या उत्पादनात आमच्या शिझुओका प्रांताला मागे टाकलं. ती बातमी आली तेव्हा आजोबांनी पेपर घडी घालून ठेवला आणि बाहेर गेले. सगळं जग माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, मागतंय हे खरं, पण त्याला आधी मळ्यावर सावली धरावी लागते आणि ते पान न वळता सुकवायला वेगळी भट्टी लागते. दोन तानांच्या उतारावर या वयात ते कोण करणार? मळा सोडला की चार-पाच वर्षांत रोपांचं रान होतं. वरच्या वाडीत मी बघितलंय.

तुमच्याकडेही हेच झालं. राखणीला गुरखे मिळेनात, फवारणीचा खर्च फिटेना. तेव्हा मी म्हटलं होतं की विकू नका, आणि तू म्हणालीस, "लांब बसून बोलायला काय जातं तुझं?" नंतर वर्षभर बोलली नाहीस. मला अजूनही वाटतं की निम्मी कलमं ठेवायला हवी होती. भांडायचं तर पुन्हा भांडू.

घराचं छप्पर झालं का? दादांचे डोळे? मुलीच्या निकालाचं कळव, आणि मिरगाआधी आगोटीत काय काय केलंस तेही.

आता विचारायचं ते. आजोबा म्हणालेत, घरामागची एक ओळ मोडत नाही, तू खुडशील तर ठेवतो. एका ओळीचं पान घरी वाफवून हाताने वळता येतं, आजी शिकवतील. मला हो म्हणायचंय. पण वरचा सगळा उतार रान झालेला बघत ती एक ओळ रोज समोर ठेवायची, हे आजींना सोसेल का? तुम्ही मागच्या दारचं एक कलम ठेवलंत. त्याचं काकांना सुख झालं की त्रास? आणि तुला? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस, असेल तसं लिही. दुसरं पीक जूनअखेर येतं, त्याआधी मला आजोबांना उत्तर द्यायचंय.

तुझी,
मंजू