करवंदीच्या जाळीला चिंधी बांधणाऱ्या मावशींस

मावशी,

यंदा परसातल्या कर्टोलीला फळ धरलं. आमच्या ताटाला पुरून शेजारच्या दोन घरी वाटी वाटी भाजी देता आली, इतकं. ही बातमी तुम्हाला स्टेशनबाहेर उभ्या उभ्या दिली तेव्हा तुम्ही नुसत्या हसलात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला टाकळा मोजायला लागलात. श्रावणात तुमच्या टोपलीपुढे एवढी गर्दी असते की धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत. म्हणून हे पत्र. नाव लिहू नकोस म्हणालात, ते लिहीत नाही. तुमची नात वाचून दाखवेल.

हा वेल माझ्या सासूबाईंनी लावलेला. कुणीतरी दिलेला कंद त्यांनी कुंपणाच्या कडेला पुरला, आणि पुढचा पावसाळा बघायला त्या राहिल्या नाहीत. वेल मात्र दरवर्षी पहिल्या सरी पडल्या की जमिनीतून वर यायचा, तारेवर चढायचा, फुलायचा. फुलामागे बोराएवढी काटेरी कर्टोली दिसायची. दोन-चार दिवसांत ती पिवळी पडायची आणि गळून जायची. आमच्या घरात त्या वेलाकडे बघायचं म्हणजे त्यांची आठवण काढायचीच, त्यामुळे ती गळलेली पिवळी बोंडं उचलताना जीव तुटायचा.

विचारलं नाही असा माणूस ठेवला नव्हता. नर्सरीवाल्याने फूलगळीचं औषध दिलं, ते लागू पडेना तेव्हा त्याहून महागाचं दिलं. बागेचा सल्ला देणारे एक गृहस्थ फी घेऊन घरी आले, चार पावलं लांब उभं राहून मोबाइलवर फोटो काढले, मातीत अमुक कमी आहे म्हणाले आणि डबे विकून गेले. शेवटी सगळ्यांचं एकच, वेल जुना झाला, उपटा आणि संकरित दोडका लावा. पैसे गेले त्याचं मला फारसं नाही. पण यांच्यातल्या एकालाही वाकून एक फूल हातात घ्यावंसं वाटलं नाही, याचा राग अजून जात नाही. कर्टोलीचा वेल बघायला आलेल्या माणसाने कर्टोलीचं फूल बघू नये?

तुम्ही मात्र आधी फूलच बघितलंत. त्या दिवशी टोपली लवकर रिकामी झाली होती, परतीच्या लोकलला वेळ होता, म्हणून चहाला आलात आणि कपबशी हातात घेऊनच परसात गेलात. बशी पायरीवर ठेवलीत, एक फूल उलटं केलंत आणि म्हणालात, "आगं, ही तर मादी हाय. हिचा नर कुठंय?"

एवढंच होतं ते. दोडक्याला, भोपळ्याला नर फूल आणि मादी फूल एकाच वेलावर येतात. कर्टोलीचे नर आणि मादी वेलच वेगळे. फुलाखाली काटेरी गाठ असेल तर मादी, नुसता देठ असेल तर नर. फुलं दिवेलागणीला उमलतात, रात्री पतंग येतात आणि नराचा पराग मादीवर नेतात. आमच्या कुंपणावर एकटी मादी होती, आसपास कुठे नर नाही. कितीही औषधं ओतली असती तरी तिला फळ धरणार नव्हतं. तुम्ही हे सांगितलंत, चहा संपवलात, गाडी चुकेल म्हणून घाईने निघालात.

इथेच सगळं संपलं असतं तरी मी तुमचे आभार मानले असते. पण पुढे तुम्ही जे केलंत ते मला कळलं थेट वैशाखात.

कर्टोलीचा वेल पावसाळा सरला की वाळतो, मोडून पडतो, जमिनीवर त्याचा मागमूस राहत नाही. खाली कंद झोपलेला असतो, आणि कंद नुसता बघून नर कोण, मादी कोण, हे तुमच्यासारख्या जाणत्या बाईलाही सांगता येत नाही. ओळख पटते ती फुलात असतानाच. म्हणून त्याच श्रावणात, माथेरानच्या पायथ्याच्या रानात पहाटे भाजी खुडताना, तुम्ही फुललेला नर वेल शोधलात. वेलाला बांधलेलं वेलाबरोबर वाळून जाईल, म्हणून तो ज्या करवंदीच्या जाळीवर चढला होता तिच्या बुंध्याला लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून बांधलीत. आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. दिवाळी गेली, शिमगा गेला. मी दर आठवड्याला तुमच्याकडून पालेभाजी नेत होते, आपण सुनेच्या बाळंतपणापासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं बोलत होतो, आणि तिकडे रानात ती चिंधी उन्हात विटत होती.

मग उन्हाळ्यात एक दिवस टोपलीच्या तळातून पळसाच्या पानांची पुडी काढून माझ्या हातात दिलीत. आत ओल्या मातीसकट कंद, आणि कंदावर ती हिरव्या काठाची विटकी चिंधी. मी विचारलं, ही कशाची? तुम्ही म्हणालात, "वळख ठेवली व्हती."

पैसे विचारले तर म्हणालात, नराला फळ नाही, त्याला कोण पैसे देतं.

मावशी, त्या "वळख ठेवली व्हती"वर मी किती वेळ अडकले हे तुम्हाला कसं सांगू? श्रावण म्हणजे तुमचे कमाईचे दिवस. अंधारात रानात शिरायचं, भाजी खुडायची, जुड्या बांधायच्या, डोक्यावर टोपली घेऊन नेरळपर्यंत यायचं आणि गर्दीच्या लोकलमध्ये ती टोपली सांभाळत बदलापूर गाठायचं. त्या धावपळीत, तुमच्याकडून भाजी घेणाऱ्या एका बाईच्या वेलासाठी तुम्ही थांबलात, काठ फाडलात, गाठ मारलीत. त्या दिवशी तुमच्या टोपलीत एखादी जुडी कमी भरली असेल. वर ती जागा महिनोन् महिने ध्यानात ठेवलीत आणि रान करपलेलं असताना टणक जमीन खणून कंद काढलात. ज्यांनी माझ्याकडून पैसे घेतले होते त्यांना माझा वेल दुसऱ्या दिवशीसुद्धा आठवला नाही.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटावेत असा आनंद झाला होता. कृषी खाते रानभाजी महोत्सव भरवतं, ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या सुमारास माणसं हौसेने कुरडू आणि भारंगीचे फोटो काढतात, तेही चांगलंच आहे. पण हे ज्ञान ज्यांच्याकडून आलं त्या बायका उरलेलं वर्ष फलाटाबाहेर गोणपाटावर बसलेल्या असतात, आणि त्यांच्याशी लोक एका जुडीवरून घासाघीस करतात. ज्या जुडीमागे पाच-सहा कोसांची पायपीट आहे, तिच्यावरून! मला हे बघवत नाही. हल्ली मी मध्ये बोलते. तुम्ही डोळ्यांनी "जाऊ दे" म्हणता, तरी बोलते.

आमचं खाणं तुमच्यामुळे बदललं, तेही सांगायचं राहायला नको. पावसाच्या तोंडावर शेवळं आली की सोबत काकडाची आंबट फळं घ्यायचीच, नाहीतर घसा खाजतो. टाकळा कोवळा असेतोवरच. फोडशीचा मधला टणक दांडा काढायचा. हे सगळं तुम्ही भाजी पिशवीत टाकता टाकता शिकवलंत. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, म्हणून पूर्वी मी ऋषीच्या भाजीचं सामान दोन दिवस आधीपासून बाजारभर शोधत हिंडायचे. आता अळू, भेंडी, दोडका, लाल भोपळा सगळं परसातलं, स्वतःच्या हाताने कुदळ मारून लावलेलं. त्या दिवशीच्या भाजीला नुसतं मीठ-मिरची आणि थोडं खोबरं लागतं, तरी आमच्याकडे पातेलं पुसून खातात. घेवड्याचा वेल गणपतीपर्यंत नुसता पानांनी माजला होता, मी घाबरले होते, तर तुम्ही म्हणालात दिवस लहान होऊ दे, थंडीची चाहूल लागली की फुलेल. तसाच फुलला. पौषात कोवळ्या शेंगा, पुढे वाळलेले दाणे राखेत ठेवले. आता उन्हाळ्यात परस भकास असतं तेव्हा मी कासावीस होत नाही. कैऱ्या असतात, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ खुंटीला असते, आणि जमिनीखाली कंद आहेत हे माहीत असतं.

पहिली कर्टोली कशी केली, ते तुम्ही विचारलं होतंत आणि गाडी आली. कोवळी होती म्हणून बिया काढल्या नाहीत. पातळ चकत्या केल्या, लोखंडी तव्यावर जरा सढळ तेल, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा. झाकण ठेवलं नाही, कडा तांबूस होऊन कुरकुरेपर्यंत परतत राहिले, मग मीठ आणि वर ओलं खोबरं. घरभर तो हिरवट खमंग वास पसरला. कारल्याचं नाव काढलं की ताट सरकवणारा माझा मुलगा ही भाजी तव्यावरूनच खात होता. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, तिच्या हातचीही अशीच व्हायची.

आता एक काम आहे. तुम्ही मागे म्हणाला होतात की लोक कंदच्या कंद खणून नेतात, त्यामुळे जाळ्यांमध्ये कर्टोली विरळ होत चालली आहे. वेलावर काही फळं मी मुद्दाम पिकू दिली आहेत, लाल होऊन तडकली की बिया धरणार आहे. बिया उगवायला हट्टी असतात आणि रोप नर निघेल की मादी ते फुलल्यावरच समजेल, पण जेवढी हाताला लागतील तेवढी रोपं तुमच्या रानात परत लावायची आहेत. पाऊस लागला की मी नेरळला येते. जागा तुम्ही दाखवा. सोमवारी तुमची टोपली नसते, तेव्हा सोमवारच ठरवू. भाकरी आणि वालाचं बिरडं मी घेऊन येईन, तुम्ही त्या दिवशी चूल पेटवायची नाही.

तुमची,
बदलापूरची ताई