कच्चा मसुदा

शहादा,
रविवार

प्रिय दिनेश,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "एफ.वाय.च्या पोरांना अमेरिकेतला वर्णभेद अन् तिथले विनोद कशाला शिकवतोस भो?" मी बसमध्ये चढत होतो, उत्तर राहूनच गेलं. आज निवांत आहे, म्हणून सगळं लिहितो.

यंदा मी ठरवलं, निबंध एकदा खरडून मोकळं व्हायचं नाही. आधी कच्चा मसुदा, त्यावर वर्गात बोलणं, मग दुसरा, मग पक्का. विषय दिला : आपण कोणाला हसतो? पहिल्या खेपेला जे आलं ते तू न वाचताच सांगशील. 'विनोद हा जीवनाचा प्राण आहे', 'हसा आणि लठ्ठ व्हा'. सगळं गाईडातलं.

मग मी त्यांना टी. डी. राइसबद्दल सांगितलं. १८३०च्या सुमारास हा गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या माणसाची नक्कल करायचा. पात्राचं नाव जिम क्रो. लोक पोट धरून हसायचे. पुढे दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांना वेगळा डबा, वेगळी शाळा देणारे कायदे झाले, त्यांना हेच नाव चिकटलं. त्यानंतर डिक ग्रेगरीकडे आलो. हा स्वतः काळा. १९६१ साली शिकागोत गोऱ्या प्रेक्षकांसमोर उभा राहून त्यानं वर्णभेदावरच विनोद केले आणि त्यांना हसवलं.

एका पोरानं विचारलं, "सर, विषय दोघांचा एकच. मग फरक काय?" अख्खा तास त्यातच गेला. कोणी म्हणालं, बोलणारा कोण ते बघा. कापसाच्या गाड्या भरून कॉलेजला येणारा एक पोरगा म्हणाला, "नाही सर, राइस मार खाणाऱ्याला हसतो, ग्रेगरी मारणाऱ्याला." मला हे उत्तर पटलं, अजूनही पटतं. मागच्या बाकावरच्या मुलीनं आठवण दिली की जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. म्हणजे हा विषय आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच येऊन बसलाय, दिनेश. मी काही नवीन आणलेला नाही.

दुसरे मसुदे मागताना एकच अट घातली : जिथे विनोद झाला तिथे कोण हसलं आणि कोण हसलं नाही, ते लिहा.

सातपुड्यातल्या धडगावकडची एक पावरा आदिवासी मुलगी आहे. तिच्या पहिल्या मसुद्यात एकच ओळ होती, 'होस्टेलमध्ये खूप गंमत होते, सगळे हसतात.' दुसऱ्यात तिनं 'सगळे' खोडून मेसचं टेबल लिहिलं. ताटात दादर ज्वारीची भाकरी, समोरच्या मुली तिच्या मराठीची नक्कल करतायत, वाढणाऱ्या मावशीसुद्धा हसतायत आणि ती भाकरीचा तोच तुकडा वरणात पुन्हा पुन्हा बुडवतेय. शेवटी लिहिलंय, 'मीपण हसले, कारण नाही हसले तर उद्या जास्त करतील.' तिला विचारूनच, नाव न घेता, मी ते वर्गात वाचलं.

नक्कल करणाऱ्या मुली आपल्याच गावांकडच्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या. तुला पुण्यातली ती खोली आठवते ना? आपण 'केळी'ला 'केयी' म्हटलं की चौघं कसे लोळायचे. वर्षभर तू त्यांच्यासमोर अहिराणीत घरी फोन केला नाहीस. मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. तोच मार आपली पोरं सातपुड्यातल्या पोरांना देतायत, हे मला सहन होत नाही.

स्टाफरूममध्ये एक जण म्हणाले, असलं उकरून काढू नका, पोरं हसायचीच विसरतील. मी त्यांना अमेरिकेतल्या रिचर्ड प्रायर या काळ्या विनोदवीराचं उदाहरण दिलं. काळ्यांसाठीची शिवी तो स्टेजवर सर्रास वापरायचा. १९७९मध्ये केनियाला जाऊन आला आणि ती सोडली. त्याचं हसवणं थांबलं नाही. १९९८ साली मार्क ट्वेनच्या नावाचा विनोदाचा पहिला पुरस्कार त्यालाच मिळाला. इतका मोठा माणूस स्वतःचा मसुदा बदलतो, तर आपल्या पोरांनी का बदलू नये?

पक्के निबंध पुढच्या शुक्रवारी येतील. मेसमधल्या त्या मुलींपैकी दोघी माझ्याच वर्गात आहेत आणि दोघींनी विषय बदलून मागितलाय. मी हो म्हटलंय. काय लिहितात ते बघू. तू दिवाळीला आलास की एक तास वर्गावर ये. पुण्यातल्या त्या खोलीबद्दल तूच सांग, अहिराणीत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुभाष