बाळाचे २६ आठवडे परत मिळवून देणाऱ्या मातांना

सप्रेम नमस्कार.

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर लगेच कर्करोगाचं निदान झालेल्या तुम्ही काही जणींनी आपला आजार चारचौघांत सांगितलात आणि आयरिश कॅन्सर सोसायटीच्या ‘लीव्ह अवर लीव्ह’ (म्हणजे ‘आमच्या रजेला हात लावू नका’) या मोहिमेतून तो आयर्लंडच्या मंत्र्यांपर्यंत नेलात. २०२४ च्या ऑक्टोबरात कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि २० नोव्हेंबरपासून गंभीर आजारी आईला बाळंतपणाची रजा पुढे ढकलण्याचा हक्क मिळाला. पाळणा इथल्या, आयर्लंडमधल्या मराठी घरांतही हलतो. म्हणून हे आभार मराठीत, आणि तुम्ही काय मिळवलंत ते नीट कळावं म्हणून हिशेबासकट.

आयर्लंडमध्ये नोकरदार बाईला २६ आठवड्यांची रजा मिळते. त्यावर हवी तर आणखी १६ आठवडे, पण बिनपगारी. त्या २६ आठवड्यांत सामाजिक संरक्षण खात्याचा भत्ता मिळतो, २०२५ साली आठवड्याला २८९ युरो. आता स्तनाच्या कर्करोगाचे उपचार या रजेत मांडून बघा. केमोथेरपी दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा: अठरा आठवडे तिथेच गेले. शस्त्रक्रियेतून सावरायला काही आठवडे, मग रेडिएशनचे तीन ते पाच. रजा संपली! केमो चालू असताना अंगावर पाजता येत नाही, पांढऱ्या पेशी उतरल्या की साध्या सर्दीचीही धास्ती. बाळाला घेऊन निवांत बसायचे दिवस वॉर्डात गेले, आणि उपचार संपताच कामावर हजर. बाळ रुग्णालयात असेल तर रजा पुढे ढकलायची सोय जुन्या कायद्यात होती. आई असेल तर नव्हती. ही विसंगती तुम्ही उघड्यावर आणलीत, त्याबद्दल तुमचे पहिले आभार.

आता रजा कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ५२ आठवडे पुढे नेता येते. जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका असलेला आणि उपचाराची गरज असलेला आजार असावा, एवढी अट. त्यात मानसिक आजारही धरलेत, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. बाळंतपणानंतर मन कोलमडलेल्या बाईला ‘हा काही खरा आजार नव्हे’ असं ऐकवणारी माणसं सगळीकडे असतात. तिच्या हातात आता कायद्याचा शब्द आहे.

कोणाला गरज पडली तर काय करायचं, तेही सांगतो. मालकाला लेखी कळवायचं, शक्यतो दोन आठवडे आधी, सोबत डॉक्टरचा दाखला जोडून. अडतं ते बहुधा दाखल्यावरच्या तारखांपाशी. पेशी कमी भरल्या की केमोची पुढची फेरी आठवडाभर लांबते आणि सगळं वेळापत्रक सरकतं. म्हणून डॉक्टरांना सांगून मुदत सढळ हाताने लिहून घ्यावी, आणि तरी अपुरी पडली तर ती संपायच्या आधीच वाढ लेखी मागावी. एकूण बेरीज मात्र ५२ च्या आत. खात्यालाही वेगळं कळवावं, मालकाला सांगितलं म्हणजे खात्याला कळलं असं होत नाही.

खरी गोची पैशाची. रजा पुढे ढकललेल्या काळात आधार असतो तो आजारपणाच्या भत्त्याचा. २०२५ साली तो जास्तीत जास्त २४४ युरो, म्हणजे आठवड्याला ४५ युरोंची तूट. त्यासाठी नोकरीला लागल्यापासून १०४ आठवड्यांची विमा वर्गणी भरलेली असावी लागते. भारतातून येऊन दोन वर्षंही न झालेली बाई इथेच अडकते. बाळंतपणाचा भत्ता तिला मिळू शकतो, आजारपणाचा नाही. रजा ढकलण्याआधी आपली वर्गणी किती भरली आहे ते तपासून घ्यावं.

याच कायद्याने संसदेच्या महिला सदस्यांनाही बाळंतपणाची रजा दिली. त्या नोकरदार नसल्यामुळे जुना कायदा त्यांना लागूच नव्हता. २०२१ मध्ये न्यायमंत्री हेलन मॅकएन्टी यांच्या बाळंतपणासाठी त्यांना सहा महिने बिनखात्याच्या मंत्री ठेवून दुसऱ्या खात्याच्या मंत्री हेदर हम्फ्रीज यांच्याकडे न्याय खातं सोपवावं लागलं. मंत्र्यांची संख्या राज्यघटनेने पंधरावर बांधलेली, मग बदली मंत्री आणणार कुठून? नगरसेविकांना २०२२ च्या कायद्याने तात्पुरता बदली सदस्य नेमता येतो. संसदेत तशी सोय नाही, आणि हजर राहून मत देणाऱ्यांचंच मत मोजायचं असं घटना सांगते, त्यामुळे रजेवरच्या सदस्याचं मत वायाच जातं. आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या होत्या, ते मराठी वाचकांना आठवत असेल. अडचण तीच.

भारतातही रजा २६ आठवड्यांचीच आहे. गर्भारपणातून किंवा बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी वर एक महिना मिळतो, पण कर्करोग त्या व्याख्येत बसत नाही आणि रजा पुढे ढकलायची तर सोयच नाही. तिथे कुणी ही मागणी हाती घेतली, तर तुमचा कायदा दाखवता येईल.

आजारपणाच्या भत्त्यातली ती ४५ युरोंची तूट आणि १०४ आठवड्यांची अट यांवर तुम्ही पुन्हा उभ्या राहिलात, तर आमच्या सह्या आधीच धरून चाला.

तुमचे ऋणी,
आयर्लंडमधले काही मराठी भाषक